पकड सैल, ओळख नेमकी

ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. बारावीच्या जीवशास्त्रातलं हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. परीक्षेत एका पेडावरची अक्षरं देतात, समोरच्या पेडावरची लिहायला सांगतात, गुण हमखास मिळतात आणि विषय तिथेच मिटतो. वर्गात शिकवताना हे मिटणं मला कायम खटकत आलं आहे, कारण खरे प्रश्न त्या सूत्रानंतर सुरू होतात. पेशीतल्या पाण्यात असंख्य रेणू एकमेकांवर आदळत असताना ॲडेनिनला आपला जोडीदार ओळखू कसा येतो? ओळखल्यावर तो त्याला किती घट्ट धरतो? आणि चुकीचा जोडीदार धरला गेला, तर ते लक्षात कुणाच्या येतं? हे पुस्तक या तीन प्रश्नांभोवती फिरतं.

त्यांचा पाठपुरावा करताना माझं एक मत पक्कं होत गेलं, ते वाचकाला आधीच सांगितलेलं बरं. पूरक जोडीचं सामर्थ्य तिच्या सैल पकडीत आहे. जोडी कायमची चिकटणारी असती, तर डीएनएचे पेड नक्कल करण्यासाठी सुटे झाले नसते, आरएनएनं जनुकावरचा मजकूर उतरवून घेतला नसता आणि रायबोसोमवर आलेला आरएनए तिथेच अडकून पडला असता. नेमकं ओळखायचं आणि वेळ आली की सोडून द्यायचं, या दोन गोष्टी एकाच रचनेत साधल्या आहेत. त्या कशा साधल्या, हे समजून घेण्यात मला या विषयाचा सगळा आनंद वाटतो.

आधी जोडी जवळून पाहू. ॲडेनिन आणि ग्वानिन हे प्युरिन गटातले बेस. त्यांच्यात दोन कडी एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणून ते आकारानं मोठे. थायमिन आणि सायटोसिन हे पिरिमिडिन. त्यांना एकच कडं, म्हणून लहान. ॲडेनिनच्या जोडीकडच्या कडेवर एक हायड्रोजन बाहेर डोकावतो आणि त्याच्या शेजारी हायड्रोजन ओढून घेणारा एक नायट्रोजन असतो. थायमिनच्या कडेवर याच्या बरोबर उलट मांडणी आहे: आधी ओढणारा ऑक्सिजन, मग डोकावणारा हायड्रोजन. दोघं समोरासमोर आले की दोन हायड्रोजन बंध जुळतात. ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीत असे तीन जुळतात. आता ॲडेनिनसमोर सायटोसिन आणून ठेवा. हायड्रोजनसमोर हायड्रोजन येतो, आणि ओढणाऱ्यासमोर ओढणारा. जुळणीच बसत नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि पाठ्यपुस्तकं ती एका ओळीत उरकतात. एक मोठा आणि एक लहान असे दोन बेस जोडले, की त्यांना दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या शर्करांमधलं अंतर एक नॅनोमीटरहून किंचित जास्त भरतं. हे अंतर ए-टी आणि जी-सी या दोन्ही जोड्यांत जवळजवळ तंतोतंत सारखं आहे. जोडी उलटी बसवली, म्हणजे ए-टीच्या जागी टी-ए ठेवली, तरी ते बदलत नाही. म्हणून बाहेरच्या कण्याला आत कोणती जोडी आहे याची फिकीर करावी लागत नाही. अक्षरांचा क्रम कोणताही असो, दोन पेडांचा गोफ सरळ आणि एकसारखा वळत जातो. क्रमावर बंधन नाही, म्हणूनच क्रमात माहिती साठवता येते.

आता पकडीबद्दल. हायड्रोजन बंध हा रसायनशास्त्रातला दुबळा बंध. त्यातून पाण्यात सुटा असलेला बेस आधीच पाण्याच्या रेणूंशी असे बंध करून बसलेला असतो. जोडीदार भेटला की ते सोडून नवे करायचे, म्हणजे निव्वळ लाभ थोडाच. गोफाच्या स्थैर्याचा मोठा वाटा येतो तो जोड्या एकावर एक रचल्या जाण्यातून. सपाट बेस ०.३४ नॅनोमीटरच्या अंतरानं थरावर थर बसतात, पाण्याला मधून बाहेर काढतात आणि साधारण साडेदहा जोड्यांमागे गोफाचा एक फेरा पूर्ण होतो. सुतळीतला एकेक धागा बोटानं तुटतो, पण वळलेल्या सुतळीनं पोतं बांधता येतं. तसंच काहीसं इथे घडतं. सुट्या एका जोडीला पाण्यात टिकाव नाही. वीस जोड्या ओळीनं जुळल्या की त्या सोडवायला बऱ्यापैकी ताप द्यावा लागतो, आणि त्यातली एक चुकीची असेल तर गोफ कमी तापमानालाच उलगडतो. हा तापमानातला फरक मोजता येतो. आजच्या कितीतरी रोगनिदान चाचण्यांचा पाया तोच आहे.

ही समज एका दिवसात आली नाही. १८६९ मध्ये ट्युबिंगेनमध्ये फ्रीडरिक मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींपासून केंद्रकातला एक फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा केला, तिथून सुरुवात धरतात. त्यानंतर कित्येक दशकं हा पदार्थ कंटाळवाणा समजला गेला. चारही बेस सारख्याच प्रमाणात आणि ठरावीक क्रमानं पुन:पुन्हा येतात, या फीबस लेव्हीन यांच्या कल्पनेनं त्याला माहितीचा वाहक मानण्याची वाट अडवून धरली होती. १९४४ मध्ये ॲव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंवर केलेल्या प्रयोगांतून आनुवंशिक गुण डीएनएच वाहून नेतं हे दाखवलं. त्यानंतर अर्विन शारगाफ यांनी निरनिराळ्या सजीवांचं डीएनए घेऊन चारही बेस काटेकोरपणे मोजले. प्रमाण जातीगणिक बदलत होतं, पण ॲडेनिन थायमिनइतकं आणि ग्वानिन सायटोसिनइतकं हे मात्र सगळीकडे खरं ठरत होतं. माणसात पहिले दोन प्रत्येकी सुमारे ३० टक्के, दुसरे दोन प्रत्येकी सुमारे २० टक्के. शारगाफ यांनी आकडे छापले. ते जोडीचे आकडे आहेत हे त्यांना दिसलं नाही.

१९५३ मधल्या डीएनएच्या मॉडेलची गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे. तिच्यातल्या दोन माणसांकडे मला वाचकाचं लक्ष वेधायचं आहे. पहिल्या रोझालिंड फ्रँकलिन. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी आणि रेमंड गोसलिंग यांनी मिळवलेली क्ष-किरण छायाचित्रं, फॉस्फेटचा कणा बाहेरच्या बाजूला असल्याचा त्यांचा आग्रह आणि त्यांची मोजमापं यांच्याशिवाय केंब्रिजमधल्या वॉटसन आणि क्रिक यांचं मॉडेल उभंच राहिलं नसतं. त्यांचं छायाचित्र त्यांच्या नकळत वॉटसन यांना दाखवलं गेलं, ही गोष्ट मला अजूनही अन्यायाचीच वाटते. दुसरं नाव जेरी डोनोह्यू. हे अमेरिकी स्फटिकशास्त्रज्ञ त्या काळात वॉटसन आणि क्रिक यांच्याच खोलीत बसत. वॉटसन सारख्याला सारखा जोडून पाहत होते, ए-ए, टी-टी. डोनोह्यू यांनी त्यांच्या आकृत्या पाहिल्या आणि सांगितलं की पुस्तकातून उतरवलेली ग्वानिन आणि थायमिन यांची रूपंच चुकीची आहेत. हायड्रोजन ऑक्सिजनवर नसतो, शेजारच्या नायट्रोजनवर असतो. फरक एका हायड्रोजनच्या जागेचा. वॉटसन यांनी पुठ्ठ्याचे तुकडे नव्यानं कापले आणि २८ फेब्रुवारी १९५३च्या सकाळी ते टेबलावर सरकवता सरकवता ए-टी आणि जी-सी या दोन जोड्या एकाच आकाराच्या असल्याचं त्यांना दिसलं. शारगाफ यांच्या आकड्यांचा अर्थ लागला. २५ एप्रिलच्या 'नेचर'मध्ये मॉडेल प्रसिद्ध झालं. विज्ञानाच्या इतिहासात डोनोह्यू यांना तळटीपेत जागा मिळते. ती मुख्य मजकुरात मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे.

मॉडेल म्हणजे सिद्धता नव्हे. पुढची वीस-पंचवीस वर्षं या क्षेत्रात किती शंका खेळत होत्या, हे लोकप्रिय पुस्तकांतून गायब असतं. जी-सीमधला तिसरा बंध मूळ मॉडेलमध्ये नव्हता. तो १९५६ मध्ये पॉलिंग आणि कोरी यांनी दाखवला. कार्स्ट हूग्स्टीन यांनी १९५९ मध्ये ॲडेनिन आणि थायमिन यांच्या साध्या रूपांचा एकत्र स्फटिक केला, तर त्यात जोडी निघाली ती वेगळीच. ॲडेनिन आपली दुसरी कड पुढे करून बसला होता! वॉटसन-क्रिक पद्धतीची जोडी अणूंच्या पातळीवर प्रत्यक्ष दिसायला १९७३ उजाडलं आणि तीही आधी आरएनएच्या दोन अक्षरी तुकड्यांत. पुढे १९७६ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका गटानं आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. शशिशेखरन यांनी दोन पेड एकमेकांभोवती न गुंडाळता शेजारी शेजारी बसवणारी मॉडेल मांडली. इतके फेरे घेतलेले पेड नक्कल होताना सुटतात कसे, ही शंका अगदी रास्त होती. तिचं उत्तर दोन बाजूंनी आलं: पेडांची गुंतागुंत सोडवणारी विकरं सापडली आणि वर्तुळाकार डीएनएवरच्या मोजणीतून पेड एकमेकांत खरोखर गुंफलेले असल्याचं ठरलं. १९८०च्या सुमारास डिकरसन यांच्या गटानं बारा जोड्यांच्या डीएनएचा स्फटिक उलगडला आणि वाद संपला. अशी मॉडेल चुकीची ठरली तरी ती मांडणाऱ्यांनी क्षेत्रावर उपकारच केले. त्यांच्यामुळे पुरावा गोळा करावा लागला.

या विषयात आज चार-पाच घराणी नांदतात आणि प्रत्येकाचा जोडीकडे पाहण्याचा डोळा वेगळा आहे. स्फटिकशास्त्रज्ञ तिची भूमिती पाहतात. भौतिक रसायनशास्त्रज्ञ तिला तापवतात आणि थंड करतात. पॉल डोटी आणि ज्युलियस मार्मर यांनी १९६०च्या आसपास दाखवलं की तापवून सुटे केलेले पेड सावकाश थंड केले तर आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात, आणि जी-सीचं प्रमाण जितकं जास्त तितकं वितळण्याचं तापमान चढं. त्याआधी १९५६ मध्ये अलेक्झांडर रिच आणि डेव्हिड डेव्हीस यांनी नुसतं ॲडेनिन असलेला आणि नुसतं युरेसिल असलेला असे आरएनएचे दोन धागे एकत्र मिसळले, तर कोणत्याही विकराच्या मदतीवाचून त्यांचा गोफ झाला होता. एका पेडानं दुसऱ्याला शोधून काढणं ही युक्ती नंतर जीवशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत पोचली.

तिसरं घराणं विकरांचं, आणि इथला वाद मला सगळ्यांत रंगतदार वाटतो. पाण्यातल्या बरोबर आणि चूक जोडीच्या ऊर्जेत फारसा फरक नसतो. केवळ त्यावर भिस्त ठेवली तर शंभरात एखादी तरी चूक व्हावी. प्रत्यक्षात डीएनए पॉलिमरेज हे विकर दहा हजार ते लाख अक्षरांमागे एखादीच चूक करतं. मुद्रितशोधन आणि नंतरची दुरुस्ती धरली तर चूक शंभर कोटी अक्षरांमागे एखादी किंवा त्याहूनही कमी. ही जादाची नेमकी नजर येते कुठून? एरिक कूल यांच्या गटानं १९९७ मध्ये थायमिनच्याच आकाराचा, पण हायड्रोजन बंध जवळजवळ करूच न शकणारा रेणू त्याच्या जागी ठेवला. पॉलिमरेजनं त्याच्यासमोर निमूट ॲडेनिनच बसवला. म्हणजे विकर बंध मोजत नाही, जोडीचा आकार आपल्या खोबणीत बसतो का ते पाहतं, असं कूल यांचं म्हणणं. सगळ्याच विकरांच्या बाबतीत ते तितकंसं लागू पडत नाही, हेही पुढे दिसलं. माझा कल आकाराच्या बाजूनं आहे, पण पुस्तकात दोन्ही बाजू त्यांच्या पुराव्यांसह मांडल्या आहेत. वाचकानं आपला निवाडा स्वतः करावा.

चौथं घराणं रसायनाच्या कारागिरांचं. पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यात जन्मलेले हरगोविंद खुराना इथले अध्वर्यू. ते खेडं आज पाकिस्तानात आहे. १९७० मध्ये त्यांच्या गटानं यीस्टमधल्या एका आरएनएचं ७७ जोड्यांचं संपूर्ण जनुक प्रयोगशाळेत घडवलं. छोटे तुकडे रासायनिक पद्धतीनं बनवायचे, त्यांची टोकं एकमेकांना पूरक ठेवायची, म्हणजे ते आपोआप योग्य क्रमानं शेजारी येतात आणि मग विकरानं सांधायचे. जोडीचा नियम त्यांनी गवंड्यासारखा वापरला. याच परंपरेत पुढे स्टीव्हन बेनर यांनी निसर्गात नसलेल्या जोड्या बनवल्या. २०१९ मध्ये त्यांच्या आठ अक्षरांच्या डीएनएचा गोफही नियमानुसार वळला. फ्लॉइड रोम्सबर्ग यांनी २०१४ मध्ये हायड्रोजन बंधाविना जुळणारी एक जोडी जिवंत जिवाणूत टिकवून दाखवली.

आरएनएला या पुस्तकात मुद्दाम ऐसपैस जागा दिली आहे. मराठीत त्याच्यावर फार थोडं लिहिलं गेलं आहे. डीएनएचा पेड बहुधा जोडीदारासोबत राहतो, आरएनएचा धागा एकटा असतो आणि स्वतःवरच दुमडून स्वतःशीच जोड्या करतो. थायमिनच्या जागी इथे युरेसिल येतं. डीएनएनं युरेसिल का टाळलं याचं उत्तर फार देखणं आहे: सायटोसिन आपोआप बिघडून युरेसिल होत असतं, माणसाच्या प्रत्येक पेशीत रोज शंभरेक वेळा तरी. डीएनएत युरेसिल नसण्याची शिस्त असल्यामुळे दिसलेलं प्रत्येक युरेसिल बिघाड म्हणून ओळखता येतं आणि काढून टाकता येतं. आरएनए अल्पायुषी, त्याला ही चैन परवडते.

आरएनएत ग्वानिन युरेसिलशीही जुळतं. १९६६ मध्ये क्रिक यांनी याच सैलपणावर आपली 'डगमगती जोडी'ची कल्पना बांधली. प्रथिनांसाठी ६१ संकेत आहेत, पण ते वाचणारे वाहक आरएनए त्याहून कमी पुरतात, कारण तिसऱ्या अक्षराला जोडी थोडी हललेली चालते. इथे नियमाला मुद्दाम ढील दिलेली आहे. आणि रायबोसोममधल्या आरएनएची घडी कशी शोधली गेली, ती हकीकत मला फार आवडते. कार्ल वूज, हॅरी नोलर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या जीवांतला तोच आरएनए शेजारी शेजारी मांडला. एका जागी जी बदलून ए झाला असेल आणि दूरवरच्या दुसऱ्या जागी नेमका सी बदलून यू झाला असेल, तर त्या दोन जागा एकमेकींच्या जोडीदार असणार. स्फटिक हाती येण्याच्या कितीतरी आधी, केवळ उत्क्रांतीच्या खुणा वाचून, त्यांनी नकाशा काढला. पुढे स्फटिकानं तो बहुतांशी बरोबर ठरवला.

हे सगळं आत्ता का वाचायचं? ३० जानेवारी २०२० रोजी भारतातला पहिला कोविड रुग्ण जाहीर झाला, तो केरळमधला. नमुना तपासला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. त्यानंतर 'आरटी-पीसीआर' हा शब्द घराघरांत पोचला. त्या चाचणीत वीसेक अक्षरांचे डीएनएचे तुकडे विषाणूच्या क्रमात आपली पूरक जागा शोधतात. वीसच का? चार अक्षरांपासून वीस अक्षरी शब्द सुमारे एक लाख दहा हजार कोटी होतात आणि माणसाचा जनुकसंच सुमारे ३२० कोटी अक्षरांचा. तेव्हा एवढा लांब शब्द योगायोगानं भलतीकडे जुळण्याची शक्यता फार कमी. नमुना ९५ अंशांना तापवायचा, पेड सुटतात. साठ अंशांच्या आसपास आणायचा, तुकडे आपली जागा पकडतात. मग विकर पुढची अक्षरं भरतं. आधी मांडलेली सैल पकड इथे तासाभरात चाळीस वेळा कामाला लावली जाते.

दुसरं उदाहरण घरातलं आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेलचा आजार पिढ्यानपिढ्या आहे. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात जीएजीऐवजी जीटीजी, म्हणजे एका जोडीचा फरक. एवढा एक फरक पकडण्यासाठी चाचणीतल्या तुकड्याचं शेवटचं अक्षर नेमकं त्या जागी ठेवतात. ते जुळलं नाही तर विकर पुढे सरकायला तयार होत नाही आणि उत्तर मिळतं. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत याच आजारासाठी क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्रावर आधारित पहिला उपचार मंजूर झाला. त्यातही वीस अक्षरांचा आरएनए जोडी जमवून कापायची जागा दाखवतो. तो उपचार अतिशय महाग आहे आणि आपल्या आदिवासी पाड्यांपासून फार दूर आहे, याची मला बोच आहे. पण त्याची किंमत, धोके आणि पर्याय यांवर इथे मराठीत चर्चा व्हायची असेल, तर त्याचं मूळ तत्त्व मराठीत स्पष्ट असायला हवं. ठरावीक आरएनएशी जुळून त्याला गप्प करणारी औषधंही वापरात आली आहेत. २०२४चं वैद्यकातलं नोबेल ज्या सूक्ष्म आरएनएंसाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मिळालं, ते तर सहा-सात अक्षरांच्या अर्ध्यामुर्ध्या जुळणीवर शेकडो जनुकांचा आवाज कमी करतात. त्या अर्धवट जुळणीमुळेच त्यांची लक्ष्यं आधी वर्तवणं आजही अवघड जातं.

पुस्तक कुणासाठी, याबद्दल थोडं. दहावीपर्यंतचं रसायनशास्त्र आठवत असेल तर ते पुरेल. गणित जवळपास नाही. जिथे दोन जोड्यांच्या ऊर्जेची तुलना येते तिथे आकडेमोड पायरी-पायरीनं केली आहे आणि ती वगळून पुढे गेलं तरी धागा तुटत नाही. आकृत्यांत हायड्रोजन कुठे आहे ते प्रत्येक वेळी दाखवलं आहे. इतर पुस्तकांत ते गाळलेले असतात आणि मग जोडी जमते कशी हे कळतच नाही. अभियंते, डॉक्टर, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, शिक्षक यांनी कोणत्याही प्रकरणापासून सुरुवात करावी. विद्यार्थ्यांनी मात्र भूमितीपासूनच करावी, असा माझा आग्रह आहे. आनुवंशिकतेचे नियम, प्रथिनांची रचना, जनुकांचं नियंत्रण हे विषय जोडीशी जिथे थेट भिडतात तिथेच आले आहेत. त्यांचा समग्र आढावा इथे मिळणार नाही.

शेवटचा भाग एका न सुटलेल्या प्रश्नाला दिला आहे. आज नक्कल करायला विकर लागतं आणि विकर बनवायला आधी नक्कल झालेलं जनुक लागतं. मग पहिली नक्कल कशी झाली? लेस्ली ऑर्गेल यांनी आणि नंतर जॅक शोस्टाक यांच्या गटानं विकराशिवाय, केवळ जोडीच्या आधारानं आरएनएवर आरएनए उतरवून पाहिला आहे. काही अक्षरं उतरतात. सी आणि जी बऱ्यापैकी, ए आणि यू अडखळत. आणि उतरलेला पेड मूळ पेडाला सोडून सहज बाजूला होत नाही.